रण्याचं जावळ, आण्णांची मिशी

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वर्षश्राद्धाच्या पंगतीत जो तो त्यांचं कौतुक करत होता. देवमाणूस होता, शब्दाला पक्का होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी वाढत होतो आणि ऐकत होतो. माझी निम्मी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. गाडीत ऊस किती आणि पाचट-माती किती, हे बघायची तिथं लागलेली सवय घरातही सुटत नाही. म्हणून सांगतो, आण्णा देवमाणूस नव्हते. शब्दाला पक्के तर मुळीच नव्हते, आणि पोराबाळांचा विषय निघाला की ते सगळ्या जगाच्या अध्यात आणि मध्यात असत. पोरांवर, नातवंडांवर त्यांचा जो जीव होता त्याला माया म्हणण्यापेक्षा अतिक्रमण म्हटलेलं जास्त बरोबर. पुढं माझी मुलगी सांगलीत शाळेला जायला लागली, तेव्हा मधल्या सुट्टीत हे गृहस्थ फाटकाच्या गजातून तिला बेदाणे भरवताना सापडले होते. ती तेव्हा सातवीत होती. पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं, माझ्या बहिणीच्या, अक्काच्या पहिल्या पोराच्या जावळाचं.

आमची द्राक्षबाग तासगावच्या बाहेर आणि घर बागेतच. घराला लागून बेदाण्याचं शेड होतं. वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या आणि आत तारेच्या जाळ्यांचे मजले एकावर एक. हंगामात द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून त्या जाळ्यांवर पसरायची, आणि वाऱ्यानं वाळून त्यांचा बेदाणा होईपर्यंत घरच्या माणसांनी आपल्याच घरात पाहुण्यासारखं अंग चोरून राहायचं. सगळ्याला चिकटपणा यायचा. दाराची कडी, चहाचा कप, माझ्या वह्यांची पानं, सगळं हाताला धरायचं. पत्रा तापला की कडकड वाजायचा, खाली कामाच्या बायकांची तोंडं चालायची, आणि हवेत गोडूस-आंबूस वास भरून राहायचा. त्या वासात वाढल्यामुळं असेल, मला आजही बेदाणा खावासा वाटत नाही. न्याहारी शेडमध्येच व्हायची. भाकरी, मिरचीचा खर्डा आणि दही. आई भाकऱ्या थापता थापता आण्णांवर शेरे मारायची आणि बायका खालमानेनं हसायच्या.

आण्णा दिसायला दणकट. डोक्यावर दाट केस आणि ओठांवर अशी मिशी की तिच्याकडं बघून परका माणूस त्यांना करडा समजायचा. त्यांच्या बंडीच्या खिशात घड विरळायची बारीक चोचीची कात्री कायम असायची. बागाईतदाराच्या हाताला एक खोड लागते, जास्तीचं काही लोंबताना दिसलं की कापायचं. आण्णा बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याचा सुटलेला धागा कापत. एकदा आमच्या मास्तरांच्या धोतराचा कापायला गेले आणि धोतराचा काठच उसवला.

अक्काच्या लग्नात त्यांनी जे केलं ते उंब्रजच्या पाहुण्यांत अजून सांगतात. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी पाठराखीण जाते, म्हणजे मावशी, आत्या, नाहीतर पाठचं भावंड. आमची मावशी नवं लुगडं नेसून, पिशवी भरून तयार होती. गाडी सुटली तेव्हा मावशी मांडवात होती आणि गाडीत आण्णा होते, मावशीच्या पिशवीसकट. उंब्रजला ते अक्काच्या सासऱ्यांच्या सोप्यात मुक्काम करून राहिले आणि रोज सकाळी सैपाकघराच्या दारातून विचारत राहिले, पोरगी काल जेवली का. सासरे पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पाव्हणं, उभ्या सर्विशीत मिशीवाली पाठराखीण पयल्यांदाच बघितली."

पाचगणीचंही तसंच. कुणाच्या तरी गाडीतून आम्ही फिरायला गेलो होतो. तिथल्या एका शाळेची पोरं फाटकाच्या आत रांगेत उभी होती. ही पोरं आईबापांपासून लांब, शाळेतच राहतात हे कळल्यावर आण्णा गाडीतून उतरले आणि गजाजवळच्या एका पोराला म्हणाले, "बाळा, घरची याद येती का रं?" तोपर्यंत ते पोरगं मजेत होतं. त्यानं जो गळा काढला, त्यानं शेजारचीही दोन रडायला लागली. वॉचमननं आण्णांना काठी दाखवून घालवलं. वाईचा घाट उतरून खाली आल्यावर आण्णा म्हणाले, "त्येंच्या आईबापास्नी झोप कशी लागत आसंल?"

तर असा माणूस आजोबा झाला. दाजी फौजेत, पार सीमेवर. अक्का बाळंतपणाला आली, रणजित झाला. सव्वा महिना झाल्यावर ती परत जायची होती. रीत तशीच आहे. पण आण्णांनी आधी उन्हाळा पुढं केला, मग पावसाळा. रण्या बसायला लागला, रांगायला लागला, आमच्या घरात उभा राहिला. उंब्रजकरांनी ते चालवून घेतलं, कारण तिकडून एकच अट होती. रण्याच्या आधी अक्काचं एक मूल पोटातच गेलं होतं, आणि तेव्हा तिच्या सासूबाईंनी कुलदेवाला बोलून ठेवलं होतं की पुढचं नीट झालं तर त्याचं जावळ तुझ्या पायरीवर काढीन, तोवर त्या केसांना लोखंड लागू देणार नाही. दाजी सुट्टीवर आले की जावळ काढायचं आणि त्यानंतर मायलेकरांनी उंब्रजलाच राहायचं. हे ऐकल्यापासून जावळ हा शब्द आण्णांना सोसेना. जावळ निघालं म्हणजे पोरगं निघालं.

जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, आणि रण्याला मामा मी एकटा. दाजींच्या सुट्टीचा निरोप आला की आण्णा उलट निरोप धाडत, मामाची परीक्षा आहे. त्या काळात उंब्रजच्या समजुतीप्रमाणं मी जेवढ्या परीक्षा दिल्या, तेवढ्या कुठल्याच विद्यापीठानं आजवर घेतल्या नसतील. शेवटी एक दिवस सुभेदार स्वतःच एसटीनं येऊन सोप्यात बसले. चहा झाल्यावर त्यांनी मला समोर बोलावलं.

"काय रं गड्या, वर्साला किती परीक्षा आस्त्यात तुला?"

मी आण्णांकडं बघितलं. आण्णा आढ्याकडं बघत होते.

"दोन," मी म्हणालो.

"पाव्हणं, तुमच्या निरोपांपरमानं ह्यो पाचवी द्यायला लागलाय."

"नापास हुतंय वो त्ये," आण्णा म्हणाले. "सारखी सारखी द्यावी लागती."

मी त्या वर्षी पहिल्या वर्गात पास झालो होतो, हे इथं लिहून ठेवतो. सुभेदारांनी शांतपणे कप खाली ठेवला. "ह्येच्या दाजीची सुट्टी मंजूर झाली. पुढल्या ऐतवारी जावळ. पोरगं नापास हाय तर डोकं हितं आब्यासाला ठेवा आणि मांडी तेवढी पाठवा."

आत भाकरी थापणारी आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. ती प्रत्येकजण वेगळी सांगतो, पण मी तिथं हजर होतो. रण्या तेव्हा दुडूदुडू पळायचा. केस खांद्यावर आलेले, अक्का त्यांची बारीक वेणी घालायची, पण ती घटकाभर टिकायची नाही. जाळ्यांखाली शिरून पडलेले मणी वेचून खायचे हा त्याचा दिवसभराचा उद्योग. वरून रस ठिबकायचा आणि डोकं चिकट व्हायचं. त्या दुपारी तो खालून एकदम उभा राहिला आणि ते चिकटलेले केस तारेच्या जाळीत अडकले. त्यानं ओढलं, तशी तार आणखी रुतली. मग असा ओरडला की बायकांच्या हातातल्या पाट्या खाली आल्या. आण्णा पलीकडच्या टोकाला होते. ते कसे आले हे मला दिसलंच नाही. एका हातानं पोराला उचललं, दुसरा खिशात गेला आणि घडाच्या देठाला लावावी तशी कात्री लावून ते मोकळे झाले. रण्या गप्प झाला. सगळं शेडच गप्प झालं. जाळीला केसांची बट लोंबत होती आणि एक बाई हळूच म्हणाली, "आण्णा, नवसाचं न्हवं का वो त्ये?"

घरी आज सांगतात की त्यांनी अर्धं डोकं भादरलं. तसं नव्हतं. उजव्या कानाच्या वर तळहाताहून लहान जागा होती. रण्या आता पुण्यात असतो आणि तिशीतच त्याला टक्कल पडलंय. आण्णा होते तोवर तो फोनवर त्यांना म्हणायचा, "आजोबा, सुरुवात तुम्ही कात्री लावली तिथूनच झाली." आण्णा म्हणायचे, "मग बाकीचं कुनी कापलं, त्येला जाऊन इचार की."

आई धावत आली. तिनं आधी पोराकडं बघितलं, मग जाळीकडं आणि मग आण्णांकडं.

"मुद्दाम केलंसा."

"आईशप्पत न्हाई."

"तुमची आई कवाच गेली. जित्या मानसाची शपत घ्या."

मुद्दाम केलं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. माझ्या बायकोला ते अजून पटत नाही. तिचंही अगदीच चूक नाही, कारण पुढच्याच क्षणी आण्णांच्या तोंडावरची भीती जाऊन तिथं जो उजेड पडला, तो मीही बघितला. ते म्हणाले, "म्हंजे आता केस उगवस्तवर थांबाय लागंल, न्हाई?"

अक्का कोपऱ्यात उभी होती. ती कधी आण्णांपुढं बोलायची नाही. ती जाळीपाशी गेली आणि एकेक केस तारेतून सोडवत, त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "आण्णा, मला तितं नांदायचंय. पयलं गेलं तवा तुमी बी हुता, आई बी हुती. पर दवाखान्यात रातभर माज्या उशाला सासूबाईच बसून हुत्या. त्येंचा नवस हाय त्यो. आता त्येंच्या म्होरं मी काय तोंडानं उभी ऱ्हाऊ?"

आण्णांनी कात्री खिशात घातली, पुन्हा काढली आणि मग पायरीवर ठेवून दिली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तिसऱ्या प्रहरी आईनं सुचवलं की टोपडं घालून न्यावं आणि टोपडं काढता काढता न्हाव्यानं झटकन उरकावं, कुणाला कळायचं नाही. हा बेत चांगला होता. पण आण्णा म्हणाले, "न्हाई. म्या कापलं, म्याच सांगतो." आईनं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू घरात कुणी अनोळखी माणूस शिरलाय.

रविवारी आम्ही पहाटेची एसटी धरली. रण्याला टोपडं घातलेलं, अक्काच्या पदराला रुमालात बांधलेली ती बट. आण्णा मनात जुळवाजुळव करत होते, पण त्यांना मनात काही ठेवायची सवय नव्हती. शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं, असं असं झालंय, तर कसं सांगावं? कराड येईपर्यंत सगळ्या गाडीला रण्याच्या जावळाची हकिगत पाठ झाली होती आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं. कंडक्टरनं तिकिटांची पेटी आवळत सल्ला दिला, "मामानं कापलं म्हनून सांगा की. मामाचं चुकलं तर कुनी एवडं मनाव घेत न्हाई." आण्णा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

देव डोंगराच्या पायथ्याला होता. देवळापुढं मांडव घातलेला, मागं चुलवाणावर बकरं शिजत होतं, न्हावी दगडावर वस्तरा परजत होता आणि दाजी पांढऱ्या सदऱ्यात पाहुण्यांना पाणी देत होते. आण्णा चप्पल काढून थेट सुभेदारांपुढं गेले आणि हात जोडून उभे राहिले. वाटेत जुळवलेलं सगळं विसरले असावेत. "सुबेदार, पोराचं केस जाळीत घावलं, म्या कात्री लावली. नवस मोडला," असं म्हणून ते थांबले.

सुभेदारांनी बायकोकडं बघितलं. फौजेत त्यांचा हुद्दा काहीही असो, घरातला वरचा हुद्दा कुणाचा होता ते तेव्हा आम्हाला कळलं. सासूबाई उठल्या. त्यांनी टोपडं काढलं आणि रण्याच्या कानाच्या वर बोटं फिरवली. अक्कानं रुमाल पुढं केला. तिनं मान वर केली नाही. सासूबाईंनी रुमाल घेतला, सोडून बघितला आणि आधी अक्काच्या पाठीवर हात ठेवला. "तू कशाला भेती? तू कापलंस का?" मग त्या आण्णांकडं वळल्या.

"व्हय वो पाव्हणं, देवाला बोलल्यालं कमी पडलं. आता भरून कुनी द्यायचं?"

आण्णांनी देवळाच्या पायरीकडं बघितलं.

"ज्येनं कापलं त्येनं. न्हाई का?"

मांडवात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. आण्णांनी एकदा स्वतःच्या केसांवरून हात फिरवला आणि बंडीची बटणं काढायला लागले.

आधी रण्या. मी पाटावर मांडी घालून बसलो, रण्याला मांडीवर घेतलं, दाजींच्या बहिणीनं केस झेलायला पुढं पदर पसरला. रण्यानं माझ्या मनगटाला चावे घेतले, न्हाव्याला लाथ मारली आणि शेवटी दमून हुंदके देत बसला. सासूबाईंनी रुमालातली बट त्या पदरात टाकली. मग त्याच पाटावर आण्णा बसले. केस झाले. गोटा निघाला तेव्हा कळलं की त्यांचं डोकं मागून चपटं आहे. आई तोंडाला पदर लावून हलत होती, आणि ती रडत नव्हती.

सगळं इथंच संपायचं. पण आण्णांना एवढ्यात काहीतरी सुचलं. "विहीणबाई," ते मान न हलवता म्हणाले, "मिशी बी देतो. पर हंगाम सरस्तवर पोरगं आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. म्हैनाभर."

उंब्रजचा न्हावी हाताचा चलाख. "मिशी बी देतो" एवढं त्याच्या कानावर आलं. पुढचं वाक्य पुरं होईतो डावी बाजू गेली होती.

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

सगळे आण्णांकडं बघत होते. एका बाजूला ती करडी मिशी आणि दुसऱ्या बाजूला नुसता ओठ, जो आम्ही कुणीच कधी बघितला नव्हता. दाजी पाण्याची कळशी घेऊन देवळामागं गेले, ते बराच वेळ आले नाहीत. सुभेदार पुढं झाले आणि अगदी गंभीरपणे न्हाव्याला म्हणाले, "पाव्हण्यास्नी अशा पोझिशनमदी ठेवू नगंस. पुरं कर."

जेवणात सासूबाईंनी मटणाची नळी स्वतः आण्णांच्या ताटात वाढली. "तुमी कवा बी या," त्या म्हणाल्या, "रोज आला तरी मी भाकरी घालीन. पर पोराला न्यायचं नाव काडू नगा." आण्णांनी मान डोलावली. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

निघताना त्यांनी रण्याला घ्यायला हात पसरले. रण्यानं त्या उघड्या डोक्याकडं, उघड्या ओठाकडं बघितलं. आमच्या घरात जन्मल्यापासून तो त्या मिशीला धरूनच उभा राहिला होता. तो मागं सरला आणि सासूबाईंच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागला. "आरं, म्या हाय. रण्या, म्या," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून त्यानं एकदा मान वर केली, चेहरा बघितला आणि पुन्हा रडला. अक्का म्हणाली, "व्हईल सवय." आण्णांनी टोपी डोक्यावर ओढली आणि ते एसटीच्या थांब्याकडं चालायला लागले.

परतीच्या गाडीत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा वळून वळून त्यांच्याकडं बघत होता. उतरताना तो आईला हळू आवाजात म्हणाला, "धीर धरा, बाई." आईला काही उमगलं नाही. मला उमगलं. डोकं आणि मिशी दोन्ही काढलेला माणूस आमच्याकडं एकाच कारणानं दिसतो.

सकाळी आण्णा पायरीवर बसले होते. शेडमध्ये माल वाळत होता, बायका कामाला आल्या होत्या, पण कुणाचा आवाज नव्हता. आत रण्याची साडीची झोळी तुळईला तशीच लोंबत होती. आई ती सोडायला गेली तर आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." एवढ्यात शेजारच्या बागेतले किसनतात्या आणि त्यांची बायको आली. तात्यांच्या खांद्यावर टॉवेल, तोंड उतरलेलं. काकूंच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पिठलं. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजारचं घर असं जेवण घेऊन येतं.

"आण्णा," किसनतात्या खाली बसत म्हणाले, "आवं, कळवायचं तरी. कोन गेलं?"

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "कुनी गेलं न्हाई वो भावजी. ह्येनी नवस फेडला." मग तिनं जाळी, कात्री, न्हावी सगळं सांगितलं. अर्ध्या मिशीपर्यंत आली तेव्हा काकूंना हसू आवरेना. किसनतात्यांनी टॉवेलात तोंड लपवलं, त्यांचे खांदे हलत होते. काकू डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, "मग ह्ये नेते म्या माघारी. सुतक न्हाई त्या घरात ह्ये ठेवू न्हाई."

"ठेव," आण्णा म्हणाले.

"आवं, पर..."

"ठेव वैनी. काल रातधरनं हितं कुनी जेवल्यालं न्हाई."

काकूंनी आईकडं बघितलं. आई नक्की काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. उभ्या जन्मात तिनं अशी संधी सोडली नव्हती. पण ती तशीच उभी राहिली, मग पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. तिनं फडकं सोडलं, भाकरी मोडली, एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि एक स्वतः घेतला. किसनतात्यांनी टॉवेल तोंडावरून काढून खांद्यावर टाकला आणि भिंतीला टेकून बसले. आण्णांचं जेवण होईपर्यंत ते उठले नाहीत.